न मरणारी झाडं

आमच्या नर्सरीत नवीन झाड आलं की आधी त्याचा छळ व्हायचा. हा छळ रीतसर होता. शेडच्या मागे, फुटक्या कुंड्या आणि माती चाळायची जाळी जिथे पडलेली असे, तिथे खडी-मुरमाचा एक पट्टा अण्णांनी मुद्दाम राखून ठेवला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. कुठूनही नव्या जातीचं रोप हाती लागलं की त्यातली थोडी रोपं ते त्या पट्ट्यात लावत आणि मग त्यांना पाणी देत नसत. येता-जाता त्यांच्यावरून हातगाडी नेत. दुपारी शेळी मोकळी सोडत. आई त्या पट्ट्याला 'सासर' म्हणायची. "कालचं त्ये जांभळं सासरी धाडलं का?" असं ती भाकरी थापता थापता विचारी. सासरी जे टिकेल तेच झाड पुढे रस्त्याच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या नजरेत भरेल असं मांडलं जाई. गुलाब सासरी कधीच टिकला नाही. अण्णांना गुलाबाबद्दल फारसा आदर नव्हता.

या छळाला कारण होतं. आमची नर्सरी कापूरहोळच्या फाट्यापासून जरा आत, भोरच्या रस्त्याला. तेव्हा नुकतीच पुण्याची माणसं भोर-वेल्ह्याकडे जमिनी घेऊन फार्महाउस बांधू लागली होती. ती रविवारी येत, गाडीतून उतरून कंबर मोडत आणि सांगत की आम्ही महिन्यातून एकदा येणार, मधल्या काळात बाग जिवंत राहिली पाहिजे. एवढीच त्यांची अट असे. अण्णा त्यांना थेट सासरातून पास झालेल्या झाडांपुढे नेऊन उभं करत आणि म्हणत, "सायेब, ह्ये मरत न्हाई." या एका वाक्यावर आमचं घर चाललं. पाऊस, पाणी, खत, कीड यांबद्दल अण्णा गिऱ्हाइकाशी एक अक्षर बोलत नसत, कारण त्याची गरजच नसे.

घर म्हणजे नर्सरीच्याच मागच्या दोन खोल्या. शेजारी ढाबा होता, त्यामुळे आमच्या साध्या वरणाला कायम दुसऱ्याच्या फोडणीचा वास यायचा. घाटातून उतरलेले ट्रक फाट्यापाशी गिअर बदलत, तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो आणि त्याने झोप अधिक चांगली लागते. शाळेतून आल्यावर मी आईबरोबर पिशव्या भरायला बसे. लाल माती, शेणखत, थोडी वाळू. मूठ आत, मूठ दाबून, पुढची पिशवी. आईचा हात इतका चाले की तिच्या पिशव्यांची रांग तिच्यामागे वळून पुन्हा तिच्यापाशी येई. मध्येच ती उठून चुलीवरचं कालवण बघून येई आणि त्याच हातांनी पुन्हा शेणखतात हात घाली. धुवायची ती, पण माझा त्यावर पूर्ण विश्वास नव्हता. संध्याकाळी झारीनं पाणी घातलं की सगळ्या पिशव्यांना बारीक भोकांतून एकदम पाझर फुटे आणि जमीन काळी व्हायला लागे. दिवसातली तेवढी वेळ मला फार आवडायची.

सासरी चांगले गुण मिळवणाऱ्यांत पहिली आली ती घाणेरी. अण्णांनी लहानपणी आमच्या गावी, किकवीला, आजोबांच्या बांधावरची घाणेरी खोदून खोदून हाताला घट्टे पाडून घेतले होते. तीच घाणेरी बुटक्या अंगाची, पिवळ्या आणि गुलाबी फुलांची होऊन, लॅन्टाना असं नाव लावून एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून आमच्या दारात आली. अण्णांनी पान चुरगळून वास घेतला, ओळख पटवली आणि तिला मोठ्या मानानं पुढच्या रांगेत बसवलं. "आमच्या बापानं हिला फुकट उपटायला लावली," ते म्हणाले, "आता हिची किंमत कळली." गावाकडची माणसं नर्सरीत येऊन तिच्यापुढे उभी राहत आणि मान हलवत निघून जात.

पण सासर ज्यानं खऱ्या अर्थानं जिंकलं ते झाड म्हणजे वेडेलिया. एका बंगल्याचं बागकाम करणाऱ्या माणसानं चार कांड्या अण्णांना दिल्या होत्या. जमिनीला धरून सरपटणारी वेल, चकचकीत हिरवं पान, वर पिवळी फुलं, अगदी दुकानातल्यासारखी. अण्णांनी तिला पाणी दिलं नाही. तिनं ते मागितलंही नाही. हातगाडी गेली तर जिथं मोडली तिथून तिला मुळं फुटली, म्हणजे एकीच्या दोन झाल्या. शेळीनं एक घास घेतला, विचार केला आणि तो तोंडातून खाली सोडला. अण्णांची वही असती तर ही शेवटची गोष्ट त्यांनी अधोरेखित केली असती, पण ते काही लिहून ठेवत नसत, ते फक्त गिऱ्हाइकाला सांगत, "जनावर तोंड लावत न्हाई, सायेब. कुंपन नसलं तरी चालंल." पावसाळा संपेपर्यंत वेडेलियानं मुरमाचा सगळा पट्टा व्यापला आणि फुटक्या कुंड्या झाकून टाकल्या. आई कमरेवर हात ठेवून बघत म्हणाली, "ह्या सुनंपुढं सासूच हात टेकंल."

परवा माझ्या नातीनं रस्त्यात उभं राहून याच पानापुढे मोबाईल धरला. मोबाईलनं नाव सांगितलं, मूळ देश सांगितला आणि खाली हे झाड आक्रमक आहे असंही सांगितलं. सगळं मिळून एक श्वास घेईपर्यंतचं काम. अण्णांच्या वेळी पानाला असं काही विचारायची सोय नव्हती. विचारावं असं त्यांना वाटलं असतं का, हेही मी खात्रीनं सांगू शकत नाही.

अण्णांना एकच बहीण, धाकटी, शेवंता. ती पालीला दिली होती, राजगडाच्या पायथ्याला. आत्याचे यजमान पुण्यात एका खानावळीत आचारी होते. ते सणावाराला येत, घरचं जेवण कसं असतं याची खात्री करून घेत आणि परत जात. मूलबाळ नव्हतं. भाताची थोडी खाचरं होती आणि एक म्हैस. म्हशीचं नाव चिमणी. नाव तिच्या लहानपणी ठेवलेलं, नंतर बदलायचं राहून गेलं. गड उतरून आलेली शहरातली पोरं आत्याच्या पडवीत बूट काढून बसत आणि ताक मागत. चिमणीचं ताक, पिठलं आणि गरम तांदळाची भाकरी, यावर आत्याचं बारा महिने भागे. आणि चिमणीचं भागे बांधावरच्या गवतावर. डोंगराकडच्या लहान शेतकऱ्याला चाऱ्यासाठी वेगळं रान नसतं. खाचरात भात, बांधावर गवत. माणसाचं पोट आत आणि जनावराचं काठावर, अशी ती वाटणी असते.

त्यातला ओढ्याकडचा बांध दर पावसाळ्यात ढासळायचा. आत्या दर भाऊबीजेला आमच्याकडे येऊन ते सांगायची आणि अण्णा ऐकायचे. त्या वर्षी त्यांनी ओवाळून झाल्यावर ताटाशेजारी एक ओलं पोतं आणून ठेवलं. ताटात ते मावत नव्हतं.

"दादा, ह्ये काय?" आत्यानं विचारलं.

"तुजा बांध. ह्ये लाव, परत ढासळनार न्हाई."

"आन् लुगडं?"

"लुगडं फाटतं गं. ह्ये मरत न्हाई."

आत्या हसली. तिला दादाचा अभिमान होता. दादाच्या झाडांसाठी पुण्याहून मोटारी येतात, हे ती पालीत सांगत असे. पोत्यातल्या कांड्या तिनं ओढ्याकडच्या बांधावर स्वतः टोचल्या. पुढच्या पावसात ओढा भरून वाहिला, शेजाऱ्याचा बांध गेला आणि आत्याचा जागचा हलला नाही. पालीतली माणसं येऊन बांध बघून गेली. दोघीतिघींनी कांड्या मागून नेल्या. अण्णांच्या आयुष्यातला तो सगळ्यात अभिमानाचा पावसाळा असावा.

त्याच्या पुढच्या भाद्रपदात मी गौरीसाठी आत्याकडे गेले होते. आमच्याकडे गौर मुखवट्याची नसते, तेरड्याची असते. ओढ्याच्या काठाला, बांधाच्या ओलीला तेरडा उगवतो, गुलाबी फुलतो. त्याची रोपं मुळासकट उपटायची, ओढ्यात धुवायची, जुडी बांधायची, ताटात ठेवायची. कुमारिकेनं तोंडात पाण्याची गुळणी धरून, वाटेत एक शब्द न बोलता, मागं न बघता ती घरी आणायची. आत्याला लेक नव्हती म्हणून हे काम भाचीकडे. मी गुळणी भरली. बायका पुढं, भागूबाई म्हणून एक वयस्क शेजारीण होती ती सगळ्यांच्या पुढं. ओढ्यावर पोचलो तर तेरडा नव्हता. बांधावर वेडेलिया, बांधाच्या उतारावर वेडेलिया, ओढ्याच्या काठानं खाली नजर जाईल तिथवर वेडेलिया, आणि वर पिवळी फुलं, सगळी मोठ्या आनंदात.

बायका वर शोधून आल्या, खाली शोधून आल्या. पाऊस भुरभुरत होता. मला बोलायला मनाई होती, त्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही. शेवटी भागूबाई म्हणाली, "घरी निवद खोळांबलाय. वल्या काठाला जे उगावलंय तीच गौर. घ्या ह्यीच." आत्यानं पिवळ्या फुलांची जुडी उपटली. उपटताना ती लांबच्या लांब आली, दर पेराला मूळ. दारात माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं, "गौर आली, कशाच्या पावलानं आली?" असं विचारलं, बाकीच्या बायकांनी "सोन्याच्या पावलानं" म्हणून सांगितलं, आणि मी एकदाची गुळणी टाकली. फुलांकडे बघता सोन्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पहिल्या दिवशी तिला शेपूची भाजी आणि भाकरी दाखवली, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. आत्याच्या यजमानांनी पुरणाची तारीफ केली. ही गौर तिसऱ्या दिवसापर्यंत जराही सुकली नाही. तेरडा दुसऱ्या दिवशी मान टाकतो. बायकांना हा शुभशकुन वाटला.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना मात्र माझं तोंड मोकळं होतं. मी म्हटलं, "आत्या, हे वाहत्या पाण्यात नका टाकू. याची कांडी जिथं अडकेल तिथं मूळ धरते. आमच्याकडे बघितलंय मी."

आत्या थांबली. भागूबाई थांबली नाही. "अगं बाय, गौर पान्यात सोडायची न्हाई तर काय चुलीत घालायची?" तिनं विचारलं. गौर पाण्यात सोडली. शिदोरीच्या दहीभातासकट ती वाहत गेली आणि खालच्या वळणावर दगडाला अडकलेली मी पाहिली. मग रिवाजाप्रमाणे ओढ्यातली मूठमूठ वाळू घरी आणून, घराला बरकत यावी म्हणून, दारात, गोठ्यात, परसात आणि उरलेली सगळ्या खाचरांच्या बांधांवर टाकली. त्या वाळूत काय काय होतं ते पुढच्या वर्षी उगवून आलं. इतक्या भक्तिभावानं कुठल्याही तणाची लागवड झाली नसेल.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. "धरलंय म्हंजे चांगलं," ते म्हणाले.

पुढचं वर्ष आत्याकडून निरोप नाही आणि ती स्वतःही नाही. मग एके दिवशी सकाळी नर्सरीपुढं टेम्पो थांबला. आधी आत्या उतरली, मग फळी लावून चिमणी उतरवली. चिमणीच्या बरगड्या मोजता येत होत्या. अण्णा एका जोडप्याला झाडं दाखवत होते. आत्यानं सरळ येऊन चिमणीचं दावं शेडच्या खांबाला बांधलं.

"शेवंते, ह्ये काय?" अण्णांनी विचारलं.

"तुज्या झाडानं हिचं गवात खाल्लं. एक बांध ठिवला न्हाई. विकत चारा घालून म्या दमले, व्यापारी खाटकाला देतो म्हनतो. आता तूच हिला काय घालायचं त्ये घाल."

"अगं, दुसरं गवात असंल की कुटं—"

"येऊन बगितलंस का?"

अण्णांनी बघितलं नव्हतं. आई पाणी घेऊन बाहेर आली तोवर आत्या त्याच टेम्पोत बसली होती. त्या जोडप्यानं एक तुळस घेतली आणि ते गेले. चिमणीनं मान खाली घालून वेडेलियाचा वास घेतला, फुर्र केलं आणि शेजारच्या वाफ्यातला लॉनचा नमुना खायला सुरुवात केली. मला त्या दिवशी अण्णांची फार दया आली. आत्याचीही आली. एकाच वेळी दोघांची येणं जड जात होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा पहिल्या एसटीनं पालीला गेले. संध्याकाळी परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात. आईनं ताट वाढलं. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "समदं धरलंय." तोच शब्द, पण आवाज वेगळा होता. त्यानंतर दर रविवारी, म्हणजे धंद्याच्या नेमक्या दिवशी, ते बहिणीच्या बांधावर वेडेलिया उपटायला जाऊ लागले. पहिल्यांदा उपटलेलं त्यांनी ओढ्याकाठी ढीग करून ठेवलं. पावसानं ते नेलं आणि खाली आणखी चार जागी लावून दिलं. मग ते पोत्यात भरून एसटीच्या टपावरून घरी आणू लागले, इथे कातळावर वाळवून जाळायला. कंडक्टर हैराण झाला. "अण्णा, आदी हितनं तिकडं न्हेलंत, आता तिकडनं हितं आनताय," तो म्हणाला, "धंदा तरी नेमका काय हाय तुमचा?" अण्णांनी पोत्याचं तिकीट काढलं.

शेडमागचं सासर त्यांनी पहिल्याच आठवड्यात खणून काढलं होतं. वेडेलिया विकणं बंद केलं, आणि कुणी मागितलं तर ते म्हणत, "ठेवत न्हाई." टिकाऊ काही द्या म्हटलं तर मोगरा पुढं करत आणि प्रामाणिकपणे सांगत, "ह्याला पानी न्हाई घातलं तर मरतंय." गिऱ्हाईक मान डोलावून पुढच्या नर्सरीत जाई. पुढच्या नर्सरीत वेडेलिया मिळत असे. आजही मिळतं, हमरस्त्याच्या कडेनं, सोसायट्यांच्या दारात ते छान पसरलेलं दिसतं आणि लोक त्याच्या बाजूला उभं राहून फोटो काढतात. मी दोनदा थांबून लोकांना सांगून पाहिलं. ते मला शिक्षिका समजले आणि त्यांनी पाय बाजूला घेतले.

आत्या अण्णांशी बोलत नव्हती. ते बांधावर वाकलेले असताना ती चहा आणून धोंड्यावर ठेवी आणि जाई. बाजाराला भोरला जाताना मात्र ती कापूरहोळला उतरे, अण्णांच्या समोरून चालत शेडमागे जाई आणि चिमणीच्या पुढ्यात बसे. चिमणीशी ती सगळं बोले. भात कसा आहे, यजमानांचं पोट कसं बिघडलंय, भागूबाई काय म्हणाली. अण्णा शेडच्या पलीकडे पिशव्या लावत ऐकत. पिशव्या लावून झालेल्या असत, तरी लावत. आई चिमणीच्या दुधाचं तूप डब्यात घालून तिच्या हातात देई, आत्या पुढच्या खेपेला तोच डबा तांदूळ भरून आणे. डबा रिकामा परत करण्याइतकं भांडण आमच्यात कधी कुणाचं झालं नाही.

मध्ये दोन पावसाळे गेले. ओढ्याच्या खालच्या अंगाचं काही निघालं नाही, ते आजही आहे. पण आत्याचे बांध मोकळे झाले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांच्यावर आधी आघाडा आला, मग दूर्वा, मग गुडघ्याएवढं गवत. भाताची मळणी उरकल्यावर अण्णांनी कुणाला न सांगता टेम्पो बोलावला. चिमणीला धुतलं, शिंगांना तेल लावलं. मला म्हणाले, "तू पन चल." एकट्यानं जायचा त्यांना धीर नव्हता, हे मला कळलं.

आत्या अंगणात भात पाखडत होती. टेम्पो थांबला तशी तिनं सूप खाली ठेवलं, पण जागची उठली नाही. अण्णांनी फळी लावली आणि चिमणीला उतरवलं. आत्या उठली. अण्णांकडे न बघता ती चिमणीपाशी आली, तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला, शिंगाचं तेल बोटाला लावून बघितलं. मग तिच्या कपाळाला कपाळ टेकवून म्हणाली,

"आलीस व्हय गं? मामानं नीट ठिवलं न्हवं?"

अण्णा टेम्पोची दोरी गुंडाळत होते. ती त्यांनी पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.